विजेला वाट

मे महिन्याचा उत्तरार्ध उजाडला, कीं आमच्या नामपुरांत दोन प्रकारच्या लोकांचे डोळे आभाळाकडे लागतात. पहिला प्रकार शेतकऱ्यांचा. कोणाचा कांदा अजून चाळींत भरावयाचा राहिलेला असतो, कोणाच्या डाळिंबाच्या बागेला गारांची धास्ती असते, तर कोणाचा बाजारसमितीकडे निघालेला ट्रॅक्टर उघडाच उभा असतो. दुसऱ्या प्रकारांत, माझ्या माहितीप्रमाणें, गांवांत मी एकटाच मोडतों. मला कांदा नाहीं, डाळिंब नाहीं; परंतु आमच्या परसांत ४० फूट उंचीची एक लोखंडी नळी उभी आहे आणि तिच्या शेंड्यापासून दोहों बाजूंस उतरत गेलेली २० मीटर लांबीची तांब्याची तार आहे. नवखा पाहुणा ती पाहून "इतक्या उंचावर धुणें वाळत घालतां होय?" असें हटकून विचारतो.

ती तार माझ्या हौशी बिनतारी केंद्राची. ज्यांना जगभर 'हॅम' म्हणतात, त्या मंडळींपैकीं मी एक आहें. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यावी, परवाना आणि 'व्ही. यू.' या अक्षरांनीं आरंभ होणारें संकेतनाम मिळवावें, आणि मग घरीं बसून देशोदेशींच्या समानधर्मी माणसांशीं बोलावें, असा हा छंद. यांत पैसा मिळत नाहीं. परवान्याच्या अटींप्रमाणें तो मिळवितांही येत नाहीं. हातांतल्या मोबाइलवरून जगांत कोठेंही बोलतां येत असतां हा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न मला घरांतही अधूनमधून ऐकावा लागतो. त्यावर माझें ठरलेलें उत्तर आहे. २६ डिसेंबर २००४ रोजीं सुनामीच्या लाटांनीं अंदमान-निकोबार बेटांचे दळणवळणाचे नेहमींचे मार्ग तोडले. त्या वेळीं हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओच्या वतीनें पोर्ट ब्लेअरला गेलेल्या श्रीमती भारती प्रसाद व त्यांचे सहकारी यांनीं असल्याच केंद्रावरून बेटांवरील माणसांची खबर मुख्य भूमीवरील आप्तांना पोहोंचविली. मध्यें ना मनोरा लागला, ना कंपनी. एक यंत्र, एक बॅटरी आणि एक तार एवढ्यावर काम भागतें.

परंतु हीच तार वळवाच्या दिवसांत माझी झोंप उडविते. बिनतारी संदेश झेलण्यासाठीं जी उंचावर ताणावयाची, ती विजेच्याही वाटेंत येतेच.

माझ्या बाळपणीं आमच्या घरीं, आंत व्हॉल्व्ह नांवाचे कांचेचे दिवे पेटत, असा एक भला मोठा रेडिओ होता. त्याची एरियल कौलांवरून गेलेली होती. खिडकीच्या चौकटीबाहेर चिनीमातीच्या ठोकळ्यावर सुरीच्या पात्यासारखा एक तांब्याचा खटका बसविलेला असे. पातें वर केलें कीं एरियल रेडिओस मिळे. खालीं केलें कीं ती सरळ जमिनींत पुरलेल्या नळीस मिळे. आभाळ भरून आलें, कीं आमचे वडील हातांतलें काम टाकून उठत आणि तें पातें खालीं करीत. एकदां मीं कारण विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "पाहुणा फार मोठा आहे. त्याला 'येऊं नका' म्हणण्याची आपली ताकद नाहीं. पण त्याला माजघरांत न घेतां अंगणांतूनच वाटेला लावावें, एवढें आपल्या हातीं आहे." त्या वेळीं मला ती थट्टा वाटली. पुढें कळलें, कीं १७५२ सालीं बेंजामिन फ्रँकलिननें पतंगाचा प्रयोग केला, तेव्हांपासून आजपर्यंत या विषयांत माणसाला जें कांहीं साधलें आहे, त्याचें सार या दोन वाक्यांत आलें होतें.

वीज म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगतों. वादळी ढगाच्या पोटांत हिमकण आणि बारीक गारा एकमेकांवर आदळतात आणि त्यांतून विद्युद्भाराची फाळणी होते. सामान्यतः ढगाच्या वरच्या भागांत धन आणि खालच्या भागांत ऋण भार सांचत जातो. हा सांठा हवेला आवरेनासा झाला, म्हणजे वीज टप्प्याटप्प्यानें वाट शोधीत खालीं उतरते, आणि जमिनीशीं संधान जुळतांच त्या वाटेनें प्रचंड प्रवाह धांवतो. पाणी तापविण्याच्या घरगुती यंत्राला ९-१० अँपिअर प्रवाह पुरतो. विजेच्या सामान्य आघातांत तो सुमारें ३०,००० अँपिअर असतो. वाटेंतली हवा क्षणमात्र ३०,००० अंशांच्या घरांत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पांचपट. आणि हा सारा प्रवाह शून्यापासून शिखरापर्यंत चढतो तो एका सेकंदाच्या कांहीं दशलक्षांश भागांत.

या वेगांतच सारी मेख आहे. संथ प्रवाहाला जी तांब्याची तार राजमार्ग वाटते, तीच या वेगवान प्रवाहाला अडचणीची वाटते. एक मीटर सरळ तारेच्या दोन टोकांमध्यें अशा वेळीं १०,००० व्होल्टच्या आसपास दाब उत्पन्न होऊं शकतो. जमिनीकडे जाणारी तार आपण घराला वळसे घालून १० मीटर फिरविली, तर हा दाब एक लाखावर गेला. मग वीज त्या वळणाच्या वाटेनें जाण्याऐवजीं मधूनच भिंत, खिडकी, यंत्र किंवा माणूस असा जवळचा मार्ग पत्करते. म्हणून विजेची वाट आंखूड, सरळ आणि रुंद असावी लागते. गोल तारेपेक्षां चपटी पट्टी बरी, आणि काटकोनापेक्षां सौम्य वळण बरें.

ही अक्कल मला आरंभापासून होती, असें मात्र वाचकांनीं समजूं नये. एका जुन्या हौशी मित्रानें सांगितलें, कीं वादळांत एरियलचें टोंक यंत्रापासून काढून कांचेच्या बरणींत सोडावें. कांचेतून वीज जात नाहीं. मीं ताबडतोब आमच्या सौभाग्यवतींकडे लोणच्याची रिकामी बरणी मागितली. त्यांनीं ती नाखुषीनेंच दिली, आणि दोन पावसाळे ती माझ्या टेबलाखालीं विजेची वाट पाहत बसली. दोन-तीन किलोमीटर हवा फोडून जी खालीं येते, तिला दोन सूत जाडीची कांच अडवील काय, हा विचार मला तिसऱ्या वर्षीं सुचला. बरणी स्वयंपाकघरांत परत गेली, आणि तारेचें टोंक खिडकीबाहेर ठेवण्याची वहिवाट पडली.

मग मीं वायूनें भरलेला एक तडितरोधक आणून तारेवर बसविला. ही एक लहानशी नळी असते. नेहमींच्या दाबाला ती स्वस्थ असते. दाब कांहीं शें व्होल्टच्या पलीकडे गेला, कीं तिच्यांतला वायू जागा होऊन येणारा प्रवाह जमिनीच्या स्वाधीन करतो. त्यासाठीं परसांत खांबाच्या पायथ्याशीं एक नवी सळई जमिनींत ठोकली आणि तिची तार यंत्राच्या पाठीला आणून जोडली. घरच्या विजेचा अर्थिंगचा खड्डा घराच्या दुसऱ्या अंगाला, मीटरपाशीं होता. सोंवळें आणि ओंवळें जसें निरनिराळें ठेवावें, तसे हे दोन्ही अर्थ मीं कटाक्षानें निरनिराळे ठेवले. एकाचें संकट दुसऱ्याला शिवणार नाहीं, असा माझा हिशेब होता. तो किती चुकीचा होता, हें मला एका संध्याकाळीं कळलें.

कांहीं वर्षांपूर्वींची, मे महिन्यांतली ती संध्याकाळ. साल्हेर-मुल्हेरच्या अंगानें ढग काळे होऊन वर आले होते, पण गडगडाट अजून दूरचा वाटत होता. मीं रीतीप्रमाणें एरियलची तार सोडवून खिडकीबाहेर टाकली आणि निश्चिंत झालों. यंत्राचा घरच्या विजेशीं असलेला जोड आणि त्याच्या पाठीमागची अर्थाची तार मात्र तशीच राहिली. अर्थ काढणें म्हणजे संरक्षणच काढणें, अशी माझी समजूत होती. सुटींत आलेली आठ वर्षांची नात माझ्या खुर्चीवर बसून, कानांना हेडफोन लावून, मुक्या झालेल्या यंत्राच्या बटणांशीं चाळा करीत होती. इतक्यांत आंतून तिच्या आजीची हांक आली, "दिवेलागण झाली, देवापाशीं दिवा लावायला ये पाहूं." हेडफोन टेबलावर टाकून ती पळाली. ती देवघराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोंचली असेल-नसेल, तोंच डोळे दिपविणारा लखलखाट आणि कानठळ्या बसविणारा आवाज एकदमच झाले. पाठोपाठ शेजारच्या मळ्यांतून गड्याची आरोळी ऐकूं आली, "भाऊ, ईज पडनी!"

वीज आमच्या तारेवर पडलीच नव्हती. शंभर पावलांवर, शेजारच्या मळ्यांतील विहिरीजवळच्या कडुनिंबावर ती पडली होती. तरीही माझ्या टेबलावर ठिणग्या उडाल्या, यंत्राच्या पोटांतून धूर निघाला, आणि हेडफोनच्या कानावर बसणाऱ्या गादीचा कडा करपून गेला. तो हेडफोन हातांत घेऊन मी किती वेळ उभा होतों, तें मला आठवत नाहीं.

"देवानें राखलें," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. मीं वाद घातला नाहीं. परंतु रात्रभर एकच विचार मनांत घोळत राहिला. ज्या घरांत पोरीचा जीव वेळेवर आलेल्या एका हांकेवर अवलंबून राहतो, त्या घरानें विजेपासून संरक्षण केलें आहे, असें म्हणतां येईल काय?

दुसऱ्या दिवशीं यंत्र उघडलें. नवल असें, कीं एरियलकडची बाजू शाबूत होती. जळालेली वाट पाठीमागच्या अर्थाच्या स्क्रूपासून निघून, यंत्राच्या अंगांतून, घरच्या विजेच्या जोडापर्यंत गेली होती. जी बाजू मीं राखली, ती सुखरूप राहिली. जिला मी रक्षक समजत होतों, तिकडून घात झाला.

याचें कारण उमगावयास मला बरेंच वाचावें लागलें. पण तें सांगावयास सोपें आहे. झाडावर वीज पडली, कीं तिचा प्रवाह जमिनींत शिरून चोहोंकडे पसरतो. जमीन कांहीं परिपूर्ण वाहक नव्हे. आमच्या बागलाणांत वर थोडी काळी माती, तिच्याखालीं मुरूम आणि मग कठीण काळा पाषाण. त्यांत मे महिन्यांत माती वाळून भेगाळलेली. अशा जमिनींत जवळच्या जागेचा दाब एकदम चढतो आणि दूरच्या जागेचा तितका चढत नाहीं. माझी एक सळई झाडाच्या बाजूला, घरचा अर्थ पलीकडच्या बाजूला. दोहोंमध्यें हजारों व्होल्टची तफावत पडली, आणि त्या दोन अर्थांना जोडणारा पूल एकच होता, तो म्हणजे माझें यंत्र. सोंवळें आणि ओंवळें वेगळें ठेवण्याच्या माझ्या आग्रहानेंच हा पूल उभा केला होता.

विजेच्या उघड्या तारेवर पारवा निर्धास्त बसतो, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. दाब कितीही असो, दोन पायांमध्यें तफावत नसली, म्हणजे त्याच्या अंगांतून प्रवाह जात नाहीं. घर राखण्याचेंही तत्त्व हेंच. विजेचा दाब शून्य ठेवणें आपल्या हातीं नाहीं. घरांतल्या सर्व वस्तूंनीं एकदमच वर चढावें आणि एकदमच खालीं यावें, एवढी व्यवस्था आपल्या हातीं आहे.

म्हणून मीं सर्व मांडणी नव्यानें केली. परसांतला अर्थ आणि मीटरजवळचा अर्थ जाड तांब्याच्या पट्टीनें घराबाहेरून एकत्र जोडले. खडकांत सळई खोल जात नाहीं, म्हणून एकीच्या जागीं अंतराअंतरानें चार ठोकल्या आणि पट्टीनें एकमेकींस बांधल्या. एरियलची तार, घरच्या विजेची तार आणि इंटरनेटची तार, तिन्ही एकाच जागेवरून घरांत घेतल्या. तेथें भिंतीबाहेर तांब्याचा एक पत्रा लावून प्रत्येकीचा रोधक त्याच पत्र्यावर बसविला, आणि पत्र्यापासून जमिनीपर्यंत आंखूड, सरळ पट्टी नेली. कोळसा आणि मीठ घालून अर्थिंगचा खड्डा भरण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तिनें ओल टिकते खरी, पण मीठ लोखंडी नळीला खातें. म्हणून असा खड्डा दर दोन-तीन वर्षांनीं उघडून पाहावा. मीं मीठ टाळलें, आणि परसांतल्या डाळिंबाच्या दोन झाडांना दिलेल्या ठिबकाची एक नळी त्या सळयांपर्यंत वाढविली. उन्हाळ्यांत त्यांनाही थोडें पाणी मिळतें.

एवढें करूनही प्रत्यक्ष तारेवर वीज पडली तर यंत्र वांचेलच, अशी हमी कोणीही शहाणा माणूस देणार नाहीं. खरा उपाय दादांचाच: वेळीं उठून पाहुण्याला अंगणांतून वाटेला लावणें. आतां मी एरियल, घरची वीज आणि इंटरनेट, तिन्हींचे जोड यंत्रापासून सोडवितों आणि टोंकें त्याच्यापासून दूर ठेवितों. परंतु येथें एक अडचण आहे. ढग डोक्यावर आल्यानंतर तारेला हात लावणें हेंच मोठें साहस. म्हणजे तारा सोडवावयाच्या त्या वादळ पोहोंचण्यापूर्वींच. मग तें येत आहे, हें आधीं कळावें कसें?

याचें उत्तर यंत्रानेंच दिलें. माझी २० मीटरची तार ४० मीटर लांबीच्या लहरींसाठीं आहे. त्या लहरींवर, आणि मध्यम लहरींच्या साध्या रेडिओवरही, दूरच्या विजेची कडकड स्पष्ट ऐकूं येते. आभाळ अजून निरभ्र असतें, पण यंत्रांत तवा तापून मोहरी तडतडावी तसा आवाज सुरू होतो. ही कडकड शेंकडों किलोमीटरवरचीही असूं शकते. म्हणून तिच्या असण्यापेक्षां तिच्या वाढण्याकडे लक्ष द्यावें लागतें. तडतड दाट होऊं लागली आणि एकेक कडाका मोठा होऊं लागला, कीं वादळ जवळ येत आहे असें समजावें. जोडीला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें सिद्ध केलेलें 'दामिनी' हें मोबाइलवरील ॲप आहे. आपल्या ठिकाणाच्या २० ते ४० किलोमीटर परिघांत वीज पडूं लागली, कीं तें इशारा देतें. आणि कांहींच जवळ नसलें, तरी मोजतां प्रत्येकाला येतें. लखलखाट आणि गडगडाट यांमधील दर तीन सेकंदांस एक किलोमीटर. हें अंतर तीस सेकंदांच्या आंत आलें, म्हणजे पक्क्या घरांत शिरावें, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर तीस मिनिटें बाहेर पडूं नये.

हें सारें माझ्या यंत्रासाठीं शिकत असतांना त्या कडुनिंबाकडे माझें लक्ष वारंवार जाई. त्याची एक बाजू शेंड्यापासून बुंध्यापर्यंत चिरली गेली होती. त्याच झाडाखालीं शेजारच्या आबांचे मजूर रोज दुपारीं भाकरी खात, आणि पावसाची सर आली तर तेथेंच आसऱ्याला उभे राहत. त्या दिवशीं दिवेलागणीची वेळ झाल्यामुळें ते नुकतेच घरीं गेले होते, इतकेंच. झाडावर पडलेली वीज खोडावरून उडी मारून जवळच्या माणसाला गांठते. आणि ती चुकली, तरी जमिनींत पसरणारा प्रवाह असतोच. दोन पाय फांकून उभा असलेला माणूस म्हणजे माझ्या त्या दोन निरनिराळ्या अर्थांसारखाच. एका पायाखालीं दाब अधिक, दुसऱ्याखालीं कमी, आणि मधला पूल त्याचा देह. गुरांचे पुढचे आणि मागचे पाय याहूनही दूर असतात. म्हणून झाडाखालीं बांधलेल्या जनावरांचा बळी लवकर जातो. आपल्या देशांत दरवर्षीं दोन हजारांहून अधिक माणसें विजेनें दगावतात, आणि त्यांतलीं बहुतेक खेड्यापाड्यांतलीं, शेतांत राबणारीं असतात. त्यांच्यासाठीं कोणी तांब्याचा पत्रा बसवीत नाहीं. त्यांना उपयोगीं पडणारी वस्तु एकच, आणि ती म्हणजे वेळेवर आलेली हांक.

तेव्हांपासून माझ्या वहिवाटींत एक फरक पडला आहे. यंत्रांत तडतड वाढूं लागली, कीं मी प्रथम तारांना हात लावीत नाहीं. प्रथम गच्चीवर जाऊन आबांच्या मळ्याकडे हांक मारतों, आणि मग मोबाइलवरून शेजारच्या चार-सहा मळ्यांत कळवितों. आरंभीं आबा हंसले. "आभाळ तर स्वच्छ आहे, मास्तर!" ते म्हणाले, आणि पांऊण तासानें माणसें भिजत घरीं आलीं. दुसऱ्या खेपेला ते हंसले नाहींत. आतां हांक ऐकतांच कांद्याच्या ढिगावर ताडपत्री ओढून मजूर आमच्या ओटीवर येऊन बसतात. सौभाग्यवती चहा टाकतात. मग मी यंत्राच्या तिन्ही तारा सोडवितों.

संकटाच्या वेळीं बोलतें राहावें म्हणून जें केंद्र उभारलें, तेंच वादळांत मुकें करून ठेवावें लागतें, याचें मला पूर्वीं वाईट वाटे. आतां वाटत नाहीं. वादळ निघून गेल्यावर, खांब कोसळून गांव अंधारांत असलें, तरी बॅटरीवर तें पुन्हां बोलूं लागतें. कारण वेळेवर तें गप्प बसलें होतें. आणि गप्प बसण्यापूर्वीं सांगावयाचें तेवढें त्यानें सांगितलेलें असतें.

यंदाही सुटींत नात आली होती. आतां ती मोठी झाली आहे. तडतड ओळखण्यांत तिचा कान माझ्याहून तीक्ष्ण आहे. एका दुपारीं मी वर्तमानपत्र वाचीत होतों. यंत्रापासून उठून ती म्हणाली, "आजोबा, येतेय." मी चष्मा काढून उठेपर्यंत ती जिना चढून गच्चीवर पोहोंचली होती, आणि तिची हांक मळ्यांत ऐकूं जात होती.